मुदतीची वाट पाहू नका

(साक्षरता वर्गात केलेले भाषण)



दिवसभराचे काम उरकून तुम्ही येथे आला आहात. कोणी रानातून थेट आले आहे, कोणी चूल आवरून आले आहे. तेव्हा आम्ही फार वेळ घेणार नाही. आज एकाच आजाराविषयी बोलू आणि त्या आजारातल्या एका संकटाविषयी बोलू. हे संकट क्वचित येते. पण येते तेव्हा माणसाला वेळ देत नाही. म्हणून ते आधीच ओळखून ठेवायचे.

हा आजार तुम्हाला ठाऊक आहे. कोणी त्याला विषमज्वर म्हणतात. डॉक्टर टायफॉईड म्हणतात. आपल्या खेड्यांत त्याचे जुने नाव आहे, मुदतीचा ताप.

ह्या नावापासूनच सुरुवात करू. मुदतीचा म्हणजे काय? म्हणजे ह्या तापाची मुदत ठरलेली असते, ती भरली की ताप आपोआप उतरतो, अशी समजूत. आमचे आजे-पणजे असेच म्हणत. त्यांचे काही चुकले नव्हते. त्या काळी ह्या तापावर औषधच नव्हते. ताप तीन आठवडे, चार आठवडे राही. वैद्य असो की डॉक्टर असो, वाट पाहण्यावाचून कोणाच्याच हातात फारसे काही नव्हते. मुदत भरली की कोणी उठून बसे, तर कोणी कायमचा जाई.

गरिबांचेच असे होई असे समजू नका. विमानाचा शोध लावणारे दोघे राइट बंधू तुम्ही ऐकले असतील. त्यांतला थोरला, विल्बर राइट, १९१२ साली ह्याच तापाने अमेरिकेत आपल्या राहत्या घरी वारला. वय अवघे ४५ वर्षांचे. ज्याने माणसाला आकाशात उडायला शिकवले, त्याला वाचवायला त्या वेळी एक गोळी नव्हती.

मग १९४८ साल उजाडले. मलायातील क्वालालंपूर येथे डॉक्टरांनी विषमज्वराच्या रोग्यांना क्लोरँफेनिकॉल नावाचे नवे औषध दिले. आठवडेच्या आठवडे न उतरणारा ताप चार-पाच दिवसांत उतरू लागला. पुढे आणखी औषधे निघाली. आज ह्या तापाला मुदत देण्याचे कारण उरलेले नाही.

पण मंडळी, औषध आले तरी नाव राहिले. आणि नावाबरोबर जुनी सवयही राहिली. “मुदतीचा आहे, मुदत भरली की उतरंल,” असे अजून आपण ऐकतो. ज्या मुदतीची आपण वाट पाहतो, त्याच मुदतीत आतल्या आत काय घडत असते, ते आता ऐका.

आत काय घडते?

विषमज्वराचा जंतू डोळ्यांना दिसत नाही. तो गुरांत राहत नाही, माणसातच राहतो. रोगी माणसाच्या मळामुत्रातून तो बाहेर पडतो. पाण्यातून, अन्नातून, न धुतलेल्या हातांतून तो दुसऱ्याच्या तोंडात जातो. तेथून पोटात, आणि पोटातून आतड्यात.

आपले लहान आतडे सुमारे वीस फूट लांब असते. ते नळीसारखे असते आणि वेटोळे घालून पोटात बसलेले असते. ह्या नळीचा शेवटचा भाग बेंबीच्या खाली, उजव्या अंगाला येतो. तेथे आतड्याच्या भिंतीत बारीक गाठींचे पुंजके असतात. जंतूला रोखणे हे त्या गाठींचे काम. पण विषमज्वराचा जंतू तेथेच घर करतो.

पहिल्या आठवड्यात ताप रोज थोडा थोडा चढत जातो. डोके दुखते, अंग मोडून येते, भूक मरते. कोणाला शौचाला होत नाही, कोणाला जुलाब लागतात. ह्या वेळी त्या गाठी सुजू लागतात.

दुसऱ्या आठवड्यात ताप ठाण मांडून बसतो. जिभेवर पांढरा थर येतो. रोगी गुंगीत पडून राहतो. पोट थोडे फुगते. ह्या वेळी सुजलेल्या गाठी आतून मरू लागतात.

तिसऱ्या आठवड्यात मेलेला भाग गळून पडतो. तेथे जखम उरते. औषध मिळाले असेल, तर बहुतेकांची जखम गुपचूप भरून येते. पण एखाद्याची जखम खोल जाते. तिने रक्ताची शीर खाल्ली तर आतड्यात रक्त वाहू लागते. आणि तिने आतड्याची भिंतच खाल्ली तर आतड्याला भोक पडते.

शेतातल्या रबरी नळीचे पाहा. ती एका जागी घासून पातळ होते. वरून काही दिसत नाही, पाणी चालूच असते. एक दिवस तेवढ्याच जागी ती फुटते. नळी फुटली तर पाणी वाफ्यात जाते, नुकसान थोडे. आतड्याचे तसे नाही. आतड्यातली घाण पोटाच्या पोकळीत सांडते. त्या जागी घाणीचा थेंबही चालत नाही. तेथे सूज येते, पू होतो, आणि विष अंगभर पसरते.

दवाखान्यात दाखल करावे लागते अशा विषमज्वराच्या शंभर रोग्यांत साधारण एक ते तीन जणांना असे भोक पडते. म्हणजे हे संकट क्वचितच येते. पण ज्याच्या घरी आले, त्याला शंभराचा हिशेब काय कामाचा?

एक घर

आता एक घर डोळ्यांपुढे आणू. हे घर कोणत्या एका गावाचे नाही. अशा अनेक घरांतून होते तेच एका घरात घालून आम्ही सांगतो.

घरात आजोबा, आई, बाप आणि दोन मुले. थोरला मुलगा पंधरा वर्षांचा. आई तुमच्यासारखीच रात्रीच्या वर्गात अक्षरे शिकलेली.

पेरणी चालू असताना पोराला ताप भरला. आधी दुकानातून तापाची गोळी आणली. दोन तास बरे वाटे, पुन्हा अंग तापे. पोराला ताप भरला त्या दिवशीच आईने भिंतीवरच्या कॅलेंडरावर त्या तारखेखाली ‘ताप’ असे लिहिले. पुढे रोज एक खूण. आठव्या दिवशी डॉक्टरांकडे नेले. त्यांनी रक्त तपासले, टायफॉईड आहे असे सांगितले, औषध दिले. चौदा दिवस घ्या म्हणाले. पाच दिवसांत ताप कमी झाला. पुढच्या गोळ्या आणायच्या राहून गेल्या. पेरणीचे दिवस, हातात पैसा नाही, आणि पोरगा तर बरा दिसतो!

चार दिवसांनी ताप पुन्हा चढला. आणि एका संध्याकाळी एकाएकी उतरला. पोराच्या अंगाला घाम सुटला. आजोबा म्हणाले, “सुटला बघा घाम. मुदत भरली.” घरात आनंद झाला. आईने मऊ भात केला. पोराने दोन घास खाल्ले आणि पोटाला हात लावून कळवळला.

“आई, पोटात काय तरी फाटल्यावानी झालं गं.”

आजोबा म्हणाले, “उपाशी पोटी भात गेलाय, वायू धरला आसंल. ओवा द्या. नळ फुगलं आसतील तर पोट चोळा.”

आईने कंदील नव्हे, हातातला फोन भिंतीकडे धरला. त्याच्या उजेडात खुणा मोजल्या. अठरा झाल्या होत्या. पोराच्या कपाळाला हात लावला, तर गार. पण मनगटाची नाडी धावत होती. पोटाला हात लावू देईना. पोट पाटासारखे ताठ झाले होते.

ती म्हणाली, “मामंजी, आज अठरावा दिस हाय. आशाताईनं बजावलंय, तिसऱ्या हप्त्यात पोट दुखलं तर घरात थांबायचं न्हाई.”

“अगं, ताप उतरलाय नव्हं? रातीचं कुठं नेतीस? सकाळच्या एस्टीनं जाऊ.”

बाप दाराशी उभा होता. कधी बापाकडे पाही, कधी पोराकडे. आई त्याला म्हणाली, “अहो, ताप उतरला म्हणूनच मला भ्या वाटतंय. सकाळपतूर वाट बघितली अन् पोरगं गेलं, तर जन्मभर आपुन दोघंच एकमेकांकडं बघत बसू.”

बापाने १०८ ला फोन केला. आशाताईही आल्या. त्यांनी पोराला पाण्याचा घोटही देऊ दिला नाही. गाडी आली. ग्रामीण रुग्णालयात सलाईन लावले आणि तेथून पुढे जिल्ह्याच्या रुग्णालयात पाठवले. तेथे पोटाचा फोटो काढला. पोटात जेथे हवा असू नये तेथे हवा दिसली. आतडे फुटले, याची ती खूण.

डॉक्टरांनी विचारले, “ताप कधीपासून?” आईने कॅलेंडराचे पान पुढे केले. बापाने सहीच्या जागी सही केली. पहाटे शस्त्रक्रिया झाली. आतड्याला हरभऱ्याच्या डाळीएवढे भोक होते. डाळीएवढेच! ते शिवले, पोट आतून धुतले. पुढे पोरगा कितीतरी दिवस रुग्णालयात होता. वाळून काडी झाला. पण पायांनी चालत घरी आला.

आजोबांना कोणी बोल लावला नाही, आपणही लावू नये. त्यांच्या वेळी घाम सुटणे ही खरोखरच बरे होण्याची खूण होती. औषधाने नीट बरा होणाऱ्यालाही घाम सुटतो, ताप उतरतो. मग फरक कसा ओळखायचा? बरा होणाऱ्याचा ताप उतरतो तेव्हा त्याला हुशारी वाटते, भूक लागते, पोट मऊ असते, नाडी शांत असते. फुटलेल्या आतड्याच्या रोग्याचा ताप उतरतो तेव्हा त्याचा चेहरा सुकतो, अंग गार पडते, नाडी धावते आणि पोट दुखते. म्हणून ताप उतरला तर पोटाकडे पाहा.

धोक्याच्या खुणा

ह्या खुणा पाठ करा.

१. तापाच्या रोग्याच्या पोटात एकाएकी दुखू लागणे. बहुधा बेंबीखाली, उजव्या अंगाला सुरू होते आणि मग सगळीकडे पसरते.

२. पोट ताठ होणे, फुगणे, हात लावू न देणे. खोकताना किंवा कूस बदलताना कळ येणे.

३. उलट्या, उचकी, वारा सरणे बंद होणे.

४. ताप एकाएकी उतरणे, गार घाम, धावती नाडी.

५. शौचाला डांबरासारखे काळे होणे किंवा लाल रक्त पडणे. ही आत रक्त वाहत असल्याची खूण.

आणखी एक गोष्ट. फार अशक्त रोगी किंवा गुंगीतला रोगी ओरडत नाही. लहान मूल सांगू शकत नाही. त्याचे दुखणे थोडेच दिसते, पण संकट तेवढेच मोठे असते. म्हणून तो किती ओरडतो ह्यावर जाऊ नका. तसेच, औषध चालू आहे म्हणून निर्धास्त राहू नका. उशिरा औषध सुरू झाले असेल तर ते चालू असतानाही आतडे फुटू शकते.

अशा वेळी काय करू नये?

पोट चोळू नये. शेकू नये. चटके किंवा डागण्या देऊ नयेत. एरंडेल देऊ नये. जुलाबाचे औषध देऊ नये. एनिमा देऊ नये. फुटलेल्या नळीत जोराने पाणी सोडले तर काय होईल? तेच येथे होते.

तोंडाने काही देऊ नये. दूध नको, चहा नको, ओव्याचे पाणी नको, साधे पाणीही नको. ओठ सुकले तर ओल्या फडक्याने पुसावेत. पोटात गेलेला प्रत्येक घोट त्या भोकातून बाहेर सांडतो. घरच्या घरी दुखण्याची गोळीही देऊ नये.

आणि सकाळची वाट पाहू नये. आतडे फुटल्यावर जितके तास घरात जातात, तितकी जगण्याची आशा कमी होते.

मग काय करावे?

१०८ ला फोन करावा. गाडीला उशीर लागणार असेल तर गावातली जीप काढावी. रोग्याला निजवून न्यावे, गुडघे थोडे वर मुडपून ठेवावेत. जेथे पोटाची शस्त्रक्रिया होते अशा रुग्णालयात न्यावे. प्राथमिक आरोग्य केंद्र वाटेत असेल तर तेथे सलाईन लावून पुढे पाठवतील.

बरोबर कॅलेंडराचे पान घ्या, दिलेल्या गोळ्यांची पाकिटे घ्या, तपासणीचे कागद घ्या. शिधापत्रिका आणि आधार कार्डही घ्या. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतून खर्च भागेल काय, याची चौकशी रुग्णालयातच करता येते. पैशाची जमवाजमव करण्यात रात्र घालवू नका. आधी रोगी पोचू द्या.

“पोट फाडणार” म्हटले की आपला जीव घाबरतो. ते साहजिक आहे. पण भोक शिवल्याशिवाय घाण सांडायची थांबत नाही. नुसत्या गोळ्यांनी किंवा इंजेक्शनांनी आतड्याचे भोक बुजत नाही. कधी एक टाका पुरतो, कधी खराब झालेला आतड्याचा तुकडा काढावा लागतो. कधी काही महिने शौचाची वाट पोटावर काढून देतात आणि मग पुन्हा आत जोडतात. डॉक्टरांना विचारा, समजून घ्या. पण सही करायला तासन् तास लावू नका.

हे संकट येऊच नये म्हणून

मंडळी, सगळ्यांत स्वस्त उपाय आता सांगतो.

पहिला उपाय, ताप तीन दिवसांहून अधिक राहिला की रक्त तपासून घ्या. पहिल्या आठवड्यात योग्य औषध मिळाले तर आतडे बहुधा फुटण्याच्या वाटेलाच जात नाही.

दुसरा उपाय, औषध पुरते घ्या. योग्य औषध सुरू झाले तरी ताप उतरायला चार-पाच दिवस लागतात. तोवर धीर सोडू नका, रोज नवा डॉक्टर करू नका. आणि ताप उतरला म्हणून गोळ्या सोडू नका. अर्धवट औषधाने जंतू मरत नाही, उलट तो औषधाला सरावतो. पाकिस्तानातल्या सिंध प्रांतात २०१६ साली अशा सरावलेल्या जंतूची साथ सुरू झाली. नेहमीची बहुतेक औषधे तिच्यापुढे निकामी ठरली. ही वेळ आपल्यावर आणायची नाही.

तिसरा उपाय, रोग्याला उपाशी ठेवू नका. पेज, मऊ भात, मुगाची खिचडी, ताजे ताक द्या. जखम भरायला अन्न लागते. मात्र पोटात कळ उठली तर अन्नपाणी लगेच बंद.

चौथा उपाय, पाणी. विहिरीत टीसीएल पावडर वेळेवर पडते काय, जलसुरक्षकाला विचारा. आपल्या ग्रामपंचायतीला पाण्याबद्दल हिरवे कार्ड मिळाले आहे, पिवळे की लाल, ते ग्रामसभेत विचारा. आता तुम्हाला वाचता येते, कार्ड हातात घेऊन वाचा! घरात तापाचा रोगी असेल तर पाणी रटरटून उकळा. संडास वापरा. शौचाहून आल्यावर आणि स्वयंपाकाआधी साबणाने हात धुवा. रोगी बरा झाल्यावरही काही दिवस त्याच्या मळातून जंतू जात असतो, म्हणून त्याने तर हात धुतलेच पाहिजेत.

पाचवा उपाय, लस. ही लस आपल्याच देशात हैदराबाद येथे तयार होते. सहा महिन्यांच्या बाळापासून पुढे ती देता येते, एकच टोचणी. नवी मुंबई महानगरपालिकेने २०१८ साली मोहीम काढून एक लाखाहून अधिक मुलांना ती टोचली. आपल्या भागात ती कोठे मिळते, याची चौकशी आरोग्य केंद्रात करा.

आज घरी गेल्यावर

आता शेवटचे. आज घरी गेल्यावर एक काम करा. भिंतीवरच्या कॅलेंडराच्या मागे मोठ्या अक्षरांत १०८ हा आकडा लिहा. त्याखाली आशाताईंचा नंबर लिहा. घरात कोणाला ताप आला तर त्या तारखेवर ‘ताप’ असे लिहा आणि रोज एक खूण करा.

दवाखान्यात विचारतात, ताप किती दिवसांचा? आपण म्हणतो, झाले असतील आठ-पंधरा. आठ आणि पंधरा ह्यांत पुष्कळ अंतर आहे. आठव्या दिवशी आतड्याच्या गाठी सुजलेल्या असतात, पंधराव्या दिवशी आतडे फुटण्याच्या बेतात असू शकते. तुमच्या हातची एक खूण डॉक्टरांना हे सांगते.

तुम्ही अक्षरे शिकलात ती पत्रे वाचायला, हिशेब ठेवायला, सातबारा समजून घ्यायला. त्याच अक्षरांनी एखाद्या रात्री घरातले माणूसही वाचेल. एवढे लक्षात ठेवा. मुदत मोजा, पण मुदतीची वाट पाहू नका.

रामराम.